पाते आणि रेणू

वायू हा पदार्थ एकच. परंतु गणितज्ञाने त्याला दोन वेगवेगळ्या रूपांत पाहिले आहे. झाडाची फांदी हलविणारा, शिडात भरणारा, नळीतून वाहणारा वायू हा त्याच्या दृष्टीने एक अखंड प्रवाह असतो. त्यात कोठे फट नाही, पोकळी नाही. त्यातील कोणत्याही बिंदूवर बोट ठेवून तेथील वेग, दाब आणि घनता किती हे सांगता येते. दुसऱ्या रूपात तोच वायू म्हणजे सैरावैरा धावणाऱ्या रेणूंची गर्दी होय. आपल्या सभोवारच्या हवेच्या एका घन सेंटिमीटरात अडीचावर अठरा शून्ये मांडावी त्याच्या दसपट इतके रेणू असतात. सेकंदाला साडेचारशे मीटरांहून अधिक वेगाने ते धावतात. पण एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत त्यांच्या वाट्याला येणारी मोकळी वाट सरासरीने एका मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग एवढीच असते. या वाटेला सरासरी मुक्त पथ म्हणतात.

दोन्ही रूपे खरी आहेत. त्यांपैकी कोणते केव्हा धरावयाचे हा प्रश्न वरवर पाहता तत्त्वचिंतकाचा वाटतो. पण ज्याला यंत्र बांधावयाचे असते त्याच्यापुढे तो फार रोखठोक स्वरूपात उभा राहतो. एका रूपाचे गणित दुसऱ्याच्या जागी वापरले तर उत्तर थोडेथोडके चुकत नाही, साफ चुकते. आणि गंमत अशी की, एकच यंत्र या दोन्ही राज्यांत काम करताना आढळते. ते यंत्र म्हणजे पाती बसविलेले फिरते चक्र. धरणाखालच्या टर्बाइनमध्ये ते आहे, विमानाच्या इंजिनात आहे, आणि ज्या पात्रातून जवळजवळ सारी हवा काढून घेतली आहे अशा निर्वात पात्राच्या तोंडाशीही ते आहे. या चक्राचे गणित कसे घडत गेले आणि वायू विरळ होऊ लागताच ते कसे पालटले, त्याविषयी आज सांगावयाचे आहे.

पात्यांच्या चक्राचे गणित पाण्यापासून सुरू झाले. १७५० च्या सुमारास जर्मनीतील सेग्नर या प्राध्यापकाने एक चक्र तयार केले. उभ्या नळीच्या तळाशी आडव्या फुटलेल्या वाकड्या तोट्या, त्यांतून पाणी एका दिशेने उसळावयाचे आणि नळी उलट दिशेने फिरावयाची; बागेत पाणी शिंपडणारी फिरती झारी अनेकांनी पाहिली असेल, तिचेच हे पूर्वज. त्या वेळी बर्लिनमध्ये असलेल्या लिओनार्ड ऑयलरचे लक्ष या खेळण्याकडे गेले. ऑयलरची दृष्टी अशी की, खेळणे पाहिले की त्याच्यामागचा नियम दिसेपर्यंत तिला चैन पडत नसे. त्याने जो नियम शोधून काढला तो आजही टर्बाइनच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतो. चक्रात शिरताना पाण्याच्या अंगी चक्राच्या फिरण्याच्या दिशेने किती वेग होता आणि बाहेर पडताना किती उरला, यांतील फरक काढा. त्याला पात्याच्या वेगाने गुणा. पाण्याच्या दर किलोग्रॅममागे चक्राला मिळालेले कार्य ते तेवढेच. (शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा आसापासून सारख्याच अंतरावर आहे, असे येथे धरले आहे, तसे नसेल तर प्रत्येक ठिकाणचा गुणाकार वेगळा करून मग वजाबाकी करावी.)

या नियमाचे सामर्थ्य त्याने जे गाळले आहे त्यात आहे. चक्राच्या पोटात पाणी कसे वळले, कोठे आपटले, कोठे भोवरे झाले, यांपैकी काहीच तो विचारीत नाही. उंबरठ्यावर उभे राहून आत येणारा आणि बाहेर जाणारा संवेग तेवढा तो मोजतो.

महाराष्ट्रात या नियमाचे मोठे प्रात्यक्षिक शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १९१५ साली टाटांच्या योजनेने लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरविले आणि त्या पाण्यावर झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९६२ पासून कोयनेचे पाणीही सह्याद्री पोखरून पश्चिमेकडे उतरू लागले. दोन्हीकडे उंची पाचशे मीटरांच्या आसपास आहे, म्हणून दोन्हीकडे पेल्टनची चक्रे वापरलेली आहेत. पेल्टनच्या चक्राला पाती म्हणजे जोडवाट्या असतात. पाण्याची धार दोन वाट्यांमधल्या कण्यावर बसते, दुभंगते आणि जवळजवळ उलट फिरून बाहेर पडते. आता हिशेब पाहा. पाचशे मीटर उतरलेल्या धारेचा वेग, नळातील घर्षण सोडून दिले तर, सेकंदाला सुमारे ९९ मीटर येतो. वाटी जागच्या जागी धरून ठेवली तर पाणी त्याच वेगाने परत फिरेल. जोर भरपूर लागेल, पण वाटी हललीच नाही तर कार्य शून्य. वाटी धारेच्याच वेगाने पळू लागली तर धार तिला गाठणारच नाही. कार्य पुन्हा शून्य. या दोन शून्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे वाटीचा वेग धारेच्या निम्मा असताना, कार्य सर्वाधिक होते. वर्गसमीकरण शिकलेल्या मुलालाही हे पडताळून पाहता येईल. त्या वेळी बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या अंगी वेग म्हणून उरत नाही. ते नुसते खाली गळून पडते. असे निर्जीव होऊन गळणारे पाणी हीच चक्र उत्तम चालल्याची खूण.

ऑयलरचा नियम कधी खोटा ठरत नाही. परंतु तो एका गोष्टीचे उत्तर देत नाही. पाणी किंवा वायू अमुक कोनात बाहेर पडला तर एवढे कार्य होईल, असे तो सांगतो. तो त्या कोनात बाहेर पडेल की नाही, याविषयी तो मौन पाळतो. पाणी उतारावरून, म्हणजे अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जात असते तेव्हा ते बहुधा पात्याचे ऐकते. पण संपीडकात उलटी गंगा असते. तेथे हवेला कमी दाबाकडून अधिक दाबाकडे ढकलावयाचे असते आणि तशी जाण्याची तिची स्वाभाविक इच्छा नसते. जरा जास्त वळविले की प्रवाह पात्याचा पृष्ठभाग सोडून देतो आणि पात्यामागे नुसती खळबळ उरते. वाफेच्या टर्बाइनचा निर्माता चार्ल्स पार्सन्स याने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या टर्बाइनसारखीच पाती लावून संपीडक बांधले, ते याच कारणाने फसले. टर्बाइन उलटे फिरविले की संपीडक होत नाही, हा धडा महागात मिळाला.

तो महाग का, तेही सांगितले पाहिजे. वायूच्या टर्बाइनमध्ये जेवढे कार्य निर्माण होते त्याचा अर्ध्याहून अधिक भाग पुढचा संपीडकच खाऊन टाकतो. संपीडकाची कार्यक्षमता थोडी घसरली तर इंजिन कमी शक्ती देते असे नव्हे, ते स्वतःच्या बळावर चालतच नाही. नॉर्वेच्या एलिंगने १९०३ साली आपल्या वायुटर्बाइनमधून स्वतःचा खर्च वजा जाता ११ अश्वशक्ती शिल्लक काढून दाखविली, तेव्हा त्याचे कौतुक झाले ते यामुळेच.

प्रवाहाच्या आत डोकावण्याचे गणित तोपर्यंत नव्हते असे नाही. फ्रान्सच्या नाव्हिएने १८२२ साली आणि केंब्रिजच्या स्टोक्सने १८४५ साली श्यानता, म्हणजे द्रवाच्या थराथरांतील घर्षण, हिशेबात घेणारी समीकरणे मांडली होती. ती बिनचूक होती आणि जवळजवळ निरुपयोगी होती. कारण ती सोडविता येत नव्हती. श्यानता सोडून द्यावी तर, द'अलाँबेरने १७५२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, वाहत्या पाण्यातील वस्तूला काहीच विरोध होत नाही असा निष्कर्ष निघतो, आणि नदीत उभा राहिलेला कोणीही त्यावर हसेल. ही कोंडी १९०४ साली लुडविग प्रांटलने फोडली. श्यानतेचा अंमल पृष्ठभागालगतच्या एका अतिशय पातळ थरात चालतो, बाहेरचा प्रवाह जणू घर्षणरहित असतो. तेव्हा दोन्हींचे गणित वेगळे करून कडेला जोडावे, असे त्याने सुचविले. त्या थराला सीमास्तर हे नाव पडले. पात्याला सोडून जाणारा प्रवाह म्हणजे थकून मागे फिरलेला सीमास्तर, हेही मग समजले. १९२६ साली इंग्लंडमध्ये ग्रिफिथने संपीडकाचे पाते म्हणजे विमानाचा लहानसा पंख असे मानून त्याचा आकार ठरवावा, असे प्रतिपादन केले. आणि १९५२ साली अमेरिकेत काम करणाऱ्या वू चुंग-ह्वा या चिनी संशोधकाने पात्यांमधील त्रिमिती प्रवाहाचे गणित दोन प्रकारच्या पृष्ठांवर विभागून आळीपाळीने सोडविण्याची रीत दिली. एक पृष्ठ पात्यापासून पात्याकडे जाणारे, दुसरे आसाकडून टोकाकडे जाणारे. एकाचे उत्तर दुसऱ्यात घालावयाचे, दुसऱ्याचे पहिल्यात, आणि दोन्ही जुळेपर्यंत हा फेरा चालू ठेवावयाचा. संगणक हाताशी येताच ही रीत फार फळाला आली. नाव्हिए-स्टोक्स समीकरणांना तीन मितींत सर्वकाळ टिकणारे सुरळीत उत्तर असतेच, हे मात्र अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. इंजिने त्यासाठी थांबली नाहीत.

आतापर्यंतचे सारे गणित अखंड प्रवाहाचे. ज्याने वायूकडे गर्दी म्हणून पाहण्याचे गणित रुजविले त्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलकडे आता वळू. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात रेणूंचे वेग निरनिराळ्या प्रमाणात कसे वाटलेले असतात, याचा नियम त्याने संभाव्यतेच्या आधारे काढला. त्यातूनच एक विलक्षण अनुमान निघाले: वायूची श्यानता त्याच्या घनतेवर अवलंबून नसते. पात्रातली अर्धी हवा काढून टाकली तरी तिच्यातून हलणाऱ्या तबकडीला तेवढाच अडथळा व्हावा! हे मॅक्सवेलला स्वतःलाही खरे वाटेना. म्हणून त्याने लंडनमधील आपल्या घरी बंद पात्रात काचेच्या तबकड्या लटकवून त्यांची आंदोलने मोजली. खोलीचे तापमान राखण्यासाठी विस्तव सांभाळण्याचे काम त्याची पत्नी कॅथरिन करीत असे. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी अनुमान खरे ठरविले. कारण अगदी साधे आहे. संवेग एका थरातून दुसऱ्या थरात वाहून नेणारे रेणूच. रेणू निम्मे झाले तर हमाल निम्मे झाले. पण गर्दी कमी झाल्यामुळे प्रत्येकाला मोकळी वाट दुप्पट मिळाली, आणि तो दुप्पट दुरून ओझे आणू लागला. हिशेब तोच राहिला.

परंतु ही वजाबाकी-बेरीज कोठवर चालेल? मोकळी वाट वाढत वाढत पात्राएवढी झाली की पुढे ती वाढू शकत नाही. रेणू रेणूला भेटण्यापूर्वी भिंतीलाच जाऊन आदळतो. १८७५ साली कुंट आणि वारबुर्ग यांना असे आढळले की, विरळ वायू भिंतीला चिकटून राहत नाही, तिच्यावरून घसरतो. हे अखंड प्रवाहाच्या शास्त्राला न पटणारे होते. कारण भिंतीलगत प्रवाहाचा वेग भिंतीएवढाच असतो हे त्याचे गृहीतच होते. मॅक्सवेलने १८७९ साली, म्हणजे आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, याचा खुलासा केला. भिंतीवर आदळणाऱ्या रेणूंपैकी काही आरशावरून प्रकाश परतावा तसे परततात. बाकीचे भिंतीत क्षणभर मुरतात आणि मग आपण कोठून आलो हे विसरून वाटेल त्या दिशेने निघतात. हे विसरणारे शेकडा किती, यावर घसरण अवलंबून असते. हा 'विसराळू रेणू' ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

कोपनहेगनच्या मार्टिन नुडसेनने १९०९ साली अरुंद नळ्यांतून विरळ वायू सोडून अत्यंत चिकाटीने मोजमापे केली. दाब कमी करीत जावे तसा नळीतून वायू जाण्याचा सुकरपणा आधी कमी होत जातो. पण मुक्त पथ नळीच्या व्यासाजवळ येताच तो किमान होऊन पुन्हा थोडा वाढू लागतो. वाटेत कोणी भेटणारेच नाही म्हटल्यावर नळीच्या लांबीच्या दिशेने निघालेले रेणू दूरवर सरळ निघून जातात, त्यामुळे ही वाढ दिसते. मुक्त पथाला पात्राच्या लांबी-रुंदीने भागून येणाऱ्या संख्येला नुडसेनचेच नाव मिळाले आहे. ही संख्या एक-शतांशाहून लहान असेल तर वायूला खुशाल प्रवाह म्हणावे. ती दहाहून मोठी असेल तर प्रवाह हा शब्द पाटीवरून पुसून टाकावा. मधला प्रदेश सर्वांत अवघड. आकाशात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर मुक्त पथ दहा सेंटिमीटरांच्या घरात जातो. म्हणून पृथ्वीवर परतणाऱ्या अंतराळयानाला हे तिन्ही प्रदेश काही मिनिटांत ओलांडावे लागतात. १९४६ साली च्यान श्वे-सन याने या प्रदेशांची वर्गवारी करून विरळ वायूंच्या शास्त्राचा नकाशा आखला, त्यामागे अशाच उड्डाणांचा विचार होता.

या साऱ्या प्रदेशांना पुरून उरणारे समीकरण मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८७२ मध्ये, लुडविग बोल्ट्झमानने लिहून ठेवले होते. कोणत्या जागी, कोणत्या क्षणी, कोणत्या वेगाचे किती रेणू आहेत, हे त्यातील अज्ञात. एका बाजूस रेणूंच्या मुक्त धावण्याने होणारा बदल. दुसऱ्या बाजूस टकरींनी होणारा. पहिली बाजू सोपी आहे. दुसऱ्या बाजूस प्रत्येक वेगाच्या रेणूची इतर प्रत्येक वेगाच्या रेणूशी, प्रत्येक कोनातून होणारी टक्कर मोजून त्यांची बेरीज घ्यावी लागते; पाचपदरी समाकल, आणि त्याच्या पोटात अज्ञाताचा अज्ञाताशीच गुणाकार. हिल्बर्टने १९०० साली गणितज्ञांपुढे ठेवलेल्या प्रश्नांच्या यादीत, रेणूंच्या या चित्रातून अखंड प्रवाहाची समीकरणे काटेकोरपणे कशी काढावी, याची सहाव्या प्रश्नात पृच्छा आहे. १९१६-१७ मध्ये चॅपमन आणि एन्स्कॉग यांनी मुक्त पथ लहान असेल तर बोल्ट्झमानच्या समीकरणातून नाव्हिए-स्टोक्सची समीकरणे कशी निघतात हे दाखविले. पण मुक्त पथ लहान नसेल तर? तेथे वाट बंद होती.

ती उघडण्यात एका भारतीय गणितज्ञाचा हात आहे, आणि भारतातही हे पुरेसे लोकांना ठाऊक नाही. प्रभुलाल भटनागर हे १९१२ साली कोटा येथे जन्मले. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९५२ ते १९५४ या काळात ते हार्वर्डला होते. तेथे ग्रोस आणि क्रूक यांच्यासह त्यांनी १९५४ साली 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील सूचना वाचली की हे आधी कोणाला सुचले कसे नाही, असे वाटते. प्रत्येक टकरीचा हिशेब सोडून द्या, असे ते म्हणतात. साऱ्या टकरींचा एकत्रित परिणाम एवढाच की, विस्कटलेली गर्दी ठराविक काळात मॅक्सवेलच्या समतोल वाटणीकडे परत येते. जेवढी अधिक विस्कटलेली, तेवढ्या अधिक त्वरेने येते. जत्रेच्या गर्दीत कोणी कोणाला किती धक्के दिले याची नोंद ठेवीत बसण्याऐवजी, रथ पुढे गेल्यावर मोकळी झालेली वाट किती वेळात भरून येते एवढेच पाहावे, तसे हे आहे. मात्र रेणूंची संख्या, त्यांचा एकूण संवेग आणि एकूण ऊर्जा यांत टकरींनी बदल होता कामा नये. हे पथ्य त्या सुचवणीत कसोशीने पाळलेले आहे. पाचपदरी समाकल गेला आणि त्याच्या जागी एक वजाबाकी आली. तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून हे समीकरण जगभर 'बीजीके' म्हणून ओळखले जाते.

यात लबाडी आहे काय? थोडी आहे. एकाणू वायूत श्यानता आणि उष्णतावहन यांचे जे गुणोत्तर, ज्याला प्रांटलचे नाव आहे, ते प्रत्यक्षात दोन-तृतीयांशाच्या जवळ असते. या समीकरणातून ते एक येते. काही शुद्धतावाद्यांनी त्यामुळे नाके मुरडली. माझ्या मते या आक्षेपाला उत्तर कामातूनच मिळाले. १९६२ साली लीपमन, रोद्दम नरसिंह आणि शाहीन यांनी हेच समीकरण घेऊन आघाततरंगाच्या पोटातील रचना उलगडून दाखविली. आघाततरंगाची जाडी काही थोड्या मुक्त पथांएवढीच असते, त्यामुळे तेथे अखंड प्रवाहाचे गणित खरे तर संशयास्पद. ते नेमके कोठपर्यंत चालते आणि प्रबळ तरंगाच्या कमी दाबाच्या बाजूस कोठे लंगडे पडते, हे या कामातून दिसले. भटनागर १९५६ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उपयोजित गणिताचे प्राध्यापक होते. नरसिंह यांचीही पुढे तीच कर्मभूमी झाली. आज संगणकावर प्रवाह सोडविण्याची 'लॅटिस बोल्ट्झमान' नावाची जी रीत आहे, तिच्याही मुळाशी बहुधा १९५४ ची ती वजाबाकीच असते.

आता पुन्हा पात्याकडे येऊ. विरळ वायूत पात्यांचे चक्र फिरविले तर काय होईल? विमानाच्या इंजिनाचे गणित येथे एका क्षणात कोलमडते. रेणू एकमेकांना भेटतच नाहीत, तेव्हा दाबाचा उतार नाही, सीमास्तर नाही, पात्याला सोडून जाणारा प्रवाह नाही. उरतो तो रेणू आणि पाते यांचा एकांतातला व्यवहार. गेडे या जर्मन भौतिकीविज्ञाने १९१३ साली वेगाने फिरणाऱ्या दंडगोलाच्या पृष्ठभागाने रेणूंना ओढून नेणारा पंप केला होता. पण त्यातील फटी इतक्या बारीक ठेवाव्या लागत की यंत्र अडकून बसे. १९५८ साली जर्मनीतच विली बेकर याने पात्यांची चक्रे असलेला पंप पुढे आणला. मुळात त्याला पंप करावयाचाच नव्हता. दुसऱ्या एका पंपातील तेलाची वाफ निर्वात पात्राकडे परत येऊ नये म्हणून त्याने फिरत्या पात्यांचा अडसर लावला, आणि हा अडसर स्वतःच वायू उपसू लागला. येथे पात्यांमधील फट मिलिमीटरभर असली तरी चालते. या यंत्राला टर्बोरेणवीय पंप म्हणतात.

त्याचे गणित अमेरिकेतील क्रूगर आणि शापिरो यांनी १९६० च्या सुमारास मांडले, आणि ते मला फार आवडते. कारण त्यात द्रवाच्या प्रवाहाचा मागमूस नाही, आहे ती निव्वळ संभाव्यता. पाती तिरपी असतात, आणि फिरताना पात्याचा जो पृष्ठभाग आघाडीस असतो त्याचा रोख बाहेरच्या बाजूकडे असतो. आत आलेला रेणू त्या पृष्ठभागावर आदळतो, मॅक्सवेलने सांगितल्याप्रमाणे आपली दिशा विसरतो, आणि नव्याने निघताना त्या पृष्ठभागाच्या तोंडासमोरच्या दिशांनी निघतो. म्हणजे बाहेर जाण्याची शक्यता अधिक. बाहेरून आत येऊ पाहणारा रेणूही त्याच पृष्ठभागावर आपटून बाहेरच फेकला जातो. प्रश्न एवढाच की, आतून बाहेर पडण्याची संभाव्यता किती आणि बाहेरून आत येण्याची किती? समजा, आतून शिरलेल्या शंभरांपैकी तीस पार होतात आणि बाहेरून शिरलेल्या शंभरांपैकी दहाच. मग निव्वळ वाहतूक थांबेल तेव्हा बाहेरची गर्दी आतल्याच्या तिप्पट झालेली असेल. चक्रामागे चक्र लावले की हे गुणोत्तर गुणत जाते. वीस ओळी लावल्या तर तिप्पटीचे वीसदा तिप्पट, म्हणजे सुमारे साडेतीनशे कोटी पट.

पण हे कशासाठी? नायट्रोजनसाठी. पात्याचा वेग रेणूच्या वेगाशी तुल्य असेल तरच रेणूला पाते हलते आहे हे कळते. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी ४७० मीटर धावतो आणि पात्याचे टोक तीनशे-चारशे मीटरांनी फिरविता येते. म्हणून त्याची जोडी जमते. हायड्रोजनचा रेणू मात्र सेकंदाला सुमारे १७५० मीटर धावतो. त्याच्या लेखी पाते जवळजवळ उभेच. संकोचाचे गुणोत्तर रेणूभाराच्या वर्गमुळानुसार घातश्रेणीने वाढते, असे गणित सांगते. नायट्रोजनचा भार हायड्रोजनच्या चौदापट. तेव्हा ज्या वीस ओळींनी नायट्रोजनला साडेतीनशे कोटी पट दाबले, त्याच ओळी हायड्रोजनला केवळ साडेतीनशेच्या आसपास पट दाबू शकतील. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यांतील तफावत खरी आहे. उत्तम निर्वात पात्रात शेवटी जो वायू रेंगाळत राहतो तो बहुतेक वेळा हायड्रोजन असतो.

ऑयलरच्या नियमाचे येथे काय होते? तो येथेही लागू आहे. रेणूंनी आत नेलेला आणि बाहेर आणलेला कोनीय संवेग मोजा. चक्राला लागणारा जोर तेवढाच. ऑयलरने आत काय घडते हे विचारले नव्हते, म्हणून आतले सारे बदलले तरी त्याचे काही बिघडले नाही. फक्त आता या कार्याचा बहुतेक भाग उष्णतेत जातो.

पंपाच्या बाहेरच्या टोकाकडे वायू पुन्हा दाट होऊ लागतो, रेणू परस्परांना भेटू लागतात आणि तो मधला अवघड प्रदेश लागतो. तेथे शुद्ध संभाव्यतेचा हिशेब अपुरा आणि प्रवाहाचे गणित अजून लागू नाही. सिडनीच्या ग्रॅम बर्डने १९६३ साली यासाठी संगणकावर काल्पनिक रेणूच सोडण्याची रीत काढली. प्रत्येक काल्पनिक रेणू कोट्यवधी खऱ्यांचा प्रतिनिधी. थोडा काळ त्यांना सरळ धावू द्यावयाचे, मग जवळच्या जवळ सोडत काढून टकरी घडवावयाच्या. तीस वर्षे लोकांनी ती भरवशावर वापरली. ती खरोखरच बोल्ट्झमानच्या समीकरणाकडे जाते, ही सिद्धता १९९२ मध्ये वाग्नरने दिली.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. अमेरिकेतील अशाच वेधशाळेत सव्वा मीटर व्यासाच्या नळ्यांतून सुमारे दहा हजार घनमीटर हवा उपसावी लागली. त्यास चाळीस दिवस लागले, आणि हवेचा मोठा भाग काढून टाकण्याचे काम टर्बो पंपांनी केले. नळ्यांतला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास येतो. अशा ठिकाणी मुक्त पथ पन्नास किलोमीटरांच्या घरात असतो. म्हणजे चार किलोमीटरांच्या त्या नळीत एका रेणूची दुसऱ्याशी भेट जवळजवळ होतच नाही, तो फक्त भिंतींशी बोलतो. नळीच्या पोलादातून सावकाश झिरपणारा हायड्रोजन तेवढा तेथे पुरून उरतो, आणि म्हणून नळी बसविण्यापूर्वी ते पोलादच आधी भट्टीत तापवून त्यातला हायड्रोजन काढून घ्यावा लागतो.